औषधाची धार बोथट होऊ देऊ नका



वर्षावास सुरू आहे. गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू आहे. आणि हेच दिवस तापाचे, खोकल्याचे, जुलाबाचे. पुस नदीला गढूळ पाणी आले की विहिरीचे, हातपंपाचे पाणीही बिघडते. महागावपासून फुलसावंगी, गुंज, हिवऱ्यापर्यंत दवाखान्यांच्या ओट्यावर माणसे बसलेली दिसतात. म्हणून या खेपेला आम्ही एका औषधाबद्दल लिहिणार आहोत. त्याला शास्त्राच्या भाषेत प्रतिजैविक म्हणतात, दवाखान्यात ॲन्टिबायोटिक म्हणतात आणि आपल्या वस्तीत ‘पॉवरची गोळी’ म्हणतात.

ही पॉवरची गोळी आपल्या घरात कशी येते ते पाहू. घरातल्या माणसाला ताप आला, घसा धरला. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी तोंडावर आहे. दवाखान्यात गेले तर दिवसाची मजुरी बुडते, डॉक्टरची फी वेगळी. मग मेडिकलवर जायचे आणि सांगायचे, “ताप-खोकल्याच्या गोळ्या द्या.” दुकानदार कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतो. दोन घेतल्यावर अंग हलके होते. उरलेल्या दोन बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर डबीत पडतात. दोन महिन्यांनी शेजारणीचे लेकरू तापले की त्या डबीतली अर्धी गोळी त्याच्या पोटात जाते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, शेजारधर्मच असतो. पण या साध्या व्यवहारातून आपण फार मोठी वस्तू गमावत आहोत, हे आज समजून घ्यायचे आहे.

गोळी कोणाला मारते?

पहिली गोष्ट अशी की सगळे आजार एका जातीचे नसतात. काही आजार जिवाणूंमुळे होतात. टायफॉईड, क्षयरोग, पिकलेली जखम, लघवीचा दाह, न्युमोनियाचे अनेक प्रकार हे त्यातले. काही आजार विषाणूंमुळे होतात. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया, कावीळ आणि बहुतेक खोकले हे त्यातले. ॲन्टिबायोटिक फक्त जिवाणूंना मारते. विषाणूला तिचा ओरखडाही उठत नाही. कुलूप एका दाराचे आणि किल्ली दुसऱ्या दाराची, असा तो प्रकार होतो.

मग सर्दीत पॉवरची गोळी घेतली आणि तीन दिवसांत बरे वाटले, ते कसे? गोळी घेतली नसती तरी बरे वाटलेच असते. साध्या सर्दीतून शरीर स्वतःच वर येते. श्रेय मात्र गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तिच्याच मागे जातो.

दुसरी गोष्ट अशी की आपल्या पोटात, कातडीवर, तोंडात कोट्यवधी जिवाणू कायम वस्तीला असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, पुष्कळसे उपकारक. विनाकारण घेतलेली गोळी यांच्यावर जाऊन पडते. दुबळे मरतात, चिवट उरतात. आणि हे उरलेले चिवट जिवाणू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणजे आज सर्दीसाठी घेतलेली गोळी उद्याच्या लघवीच्या दाहाला किंवा पिकलेल्या जखमेला बळ देऊन जाते.

चक्रवाढ व्याज

हिशेबाची भाषा आम्हांला जवळची, म्हणून हिशेबच मांडतो. अनुकूल परिस्थितीत आतड्यातला एक साधा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तासाभरात आठ होतात, दोन तासांत चौसष्ट. रात्री दहाला एक असेल तर पहाटे पाचला वीस लाखांच्या वर जातात. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाने आपल्या बापजाद्यांची जमीन कशी गेली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

आता या लाखो जिवाणूंमध्ये एखाद-दुसरा असा जन्मतो, की ज्याच्यावर गोळी चालत नाही. हा जन्मजात फरक असतो, तो गोळीमुळे जन्मत नाही. पण गोळीमुळे त्याचे फावते. बाकीचे मेले की सगळी जागा, सगळे अन्न त्याचे एकट्याचे. मग त्याचे चक्रवाढ सुरू होते. त्याची सगळी पिले त्याच्यासारखीच. डोस कमी पडला, मध्येच तुटला किंवा चुकीची गोळी घेतली, तर अशा चिवट जिवाणूंना निवडून वाढवण्याचे काम आपणच करतो. वावरात तेच ते तणनाशक वर्षानुवर्षे मारले की न मरणारे गवत उरते आणि तेच माजते, तसेच हे आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. “माझ्या शरीराला गोळीची सवय झाली,” असे लोक म्हणतात. सवय शरीराला होत नाही. जिवाणू बदललेले असतात. आणि ते जिवाणू खोकल्यातून, हातातून, पाण्यातून दुसऱ्याच्या शरीरात जातात. म्हणून ज्याने आयुष्यात कधी गोळी चुकवली नाही, त्यालाही न मरणारा जिवाणू गाठू शकतो. तान्ह्या बाळालाही गाठू शकतो. ‘माझे शरीर, माझी गोळी, तुम्हांला काय करायचे?’ हा वाद येथे चालत नाही.

ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लावला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावर त्यांनी दिलेल्या व्याख्यानात हाच इशारा होता. त्यांनी उदाहरण दिले ते एका नवरा-बायकोचे. घसा दुखतो म्हणून नवरा स्वतःच थोडेसे पेनिसिलिन घेतो, ते जंतू मारायला अपुरे पण जंतूंना पक्के करायला पुरेसे. तोच पक्का झालेला जंतू बायकोला लागतो आणि तिच्यावर औषध चालत नाही. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा. औषध बाजारात नुकते येत होते तेव्हाच शोधकर्त्याने हे सांगून ठेवले होते.

आपल्या महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ मध्ये ‘हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीची आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मदत होती. पेनिसिलिन देशात बनावे आणि गरिबाला परवडावे, हा त्यामागचा उद्देश होता. औषध गरिबापर्यंत पोचवायला एवढी धडपड करावी लागली. ते पोचल्यावर टिकवणे ही आपली जबाबदारी नाही काय?

टायफॉईडचे उदाहरण घ्या. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यावरचे हुकमी औषध होते. १९७२ मध्ये केरळातील कोझिकोड येथे या औषधाला न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ आली. पुढे हे जंतू पसरत गेले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. काही वर्षांत त्याचीही धार गेली. आता बऱ्याचदा इंजेक्शनवर किंवा दुसऱ्या महागड्या गोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. गंमत अशी, की क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर कमी झाल्यावर देशात काही ठिकाणी टायफॉईडचे जंतू त्याला पुन्हा जुमानू लागल्याचे आढळले. औषधाला विश्रांती दिली तर गेलेली धार काही अंशी परत येऊ शकते, हा आशेचा भाग आहे.

मुंबईने दिलेला धडा

या सगळ्याचे सर्वांत कठोर उदाहरण आपल्याच राज्यात घडले. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चार क्षयरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांतील जंतूंवर तपासलेले पहिल्या व दुसऱ्या फळीचे एकही औषध चालत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी जगभर गेली. ‘संपूर्ण औषधरोधक’ हा शब्द वापरावा की नाही यावर वाद झाला, जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द मान्य केला नाही. पण शब्दावर वाद झाला म्हणून रुग्णांचा आजार खोटा ठरत नाही.

या चारांपैकी तिघे अठरा महिन्यांत सरासरी चार-चार खाजगी डॉक्टरांकडे गेलेले होते. प्रत्येक ठिकाणी एखादे औषध वाढवले जाई, मात्रा बरोबर नसे, देखरेख कुणाची नसे. क्षयाच्या जंतूविरुद्ध एकटे औषध देणे धोक्याचे, हे १९४८ च्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतच दिसले होते. म्हणूनच क्षयावर अनेक औषधे एकदम देतात. एका औषधातून सुटलेल्या जंतूला दुसरे औषध गाठते. एकेक वाढवत गेले की जंतू एकेकाला शिकत जातो.

मग दोष रुग्णाचा की डॉक्टरचा? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या झोपडपट्टीतील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिली होती. डॉ. उदवाडिया यांनी २०१० मध्ये तशीच पाहणी प्रसिद्ध केली. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकार लिहिले आणि त्यांत बरोबर लिहिणारे अवघे ६ निघाले. गरीब रुग्णाने खिशातले पैसे मोजले आणि बदल्यात चुकीचे औषध घेतले. म्हणून ‘अडाणी लोक गोळ्या बुडवतात’ एवढे बोलून कुणाला हात झटकता येणार नाहीत.

मुंबईच्या या धक्क्यानंतर केंद्र सरकारने ७ मे २०१२ रोजी क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणे प्रत्येक डॉक्टरला बंधनकारक केले. पुढे नवी औषधे आली. बेडाक्विलिन हे त्यातले महत्त्वाचे. त्या औषधाच्या कंपनीला पेटंटची मुदत आणखी वाढवून हवी होती. त्याविरुद्ध मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी उभ्या राहिल्या. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामामुळे दोघींचीही ऐकण्याची शक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली. आपले कान गमावलेल्या दोन मुलींनी इतरांच्या औषधासाठी कायद्याची लढाई लढली, हे आपल्या घरातल्या मुलींना जरूर सांगा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधरोधक क्षयासाठी सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. पूर्वी हाच उपचार वीस-वीस महिने चाले.

गरीब नियम पाळत नाही, हे खरे नाही

साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. एवढे दिवस का? क्षयाचा जंतू आळशी असतो. तो दुप्पट व्हायला सुमारे पंधरा ते वीस तास घेतो आणि काही जंतू तर निपचित पडून राहतात. पहिल्या महिन्यातच खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. ऊसतोडीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, वीटभट्टीवर जायची वेळ येते. गोळ्या सुटतात. निपचित पडलेले जंतू उठतात आणि आता ते शिकून उठलेले असतात.

पण योग्य सोय केली तर गरीब माणूस उपचार पुरा करतो, याचा पुरावा आहे. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवून चांगले अन्न व विश्रांती दिली, दुसऱ्याला त्याच्या कोंदट घरातच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला, की घरी राहिलेलेही जवळजवळ तेवढेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. औषध नियमाने मिळाले आणि कुणी विचारपूस करणारे असले, की झोपडीतही माणूस बरा होतो. जगभरच्या क्षयरुग्णांवर घरी उपचार होऊ लागले त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

आज सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे फुकट आहेत. थुंकीच्या नव्या यंत्रात सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही कळते. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात द्यायचे ठरले आहे. हा पैसा उपकाराचा नाही, हक्काचा आहे. तो मिळत नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. कामासाठी गाव सोडायचे असेल तर गोळ्या सोडू नका, आरोग्य केंद्रात सांगा. दुसऱ्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात औषध चालू ठेवण्याची सोय आहे.

औषध वाईट नाही

एवढे वाचून कुणी असे ठरवू नये, की ॲन्टिबायोटिक घेऊच नये. तसे केले तर आपलीच लेकरे जातील. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून खेड्यातल्या माणसांना न्युमोनिया ओळखायला शिकवले. मुलाचे श्वास मोजायचे आणि गरज असेल तरच ठरलेल्या मात्रेत औषध द्यायचे. पुढे शिकवलेल्या गावातल्या बायांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली, जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना औषधे दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. कमी शिकलेल्या बाईच्या हातात तेच औषध जीव वाचवते, कारण तिने मोजून, ओळखून दिले. न मोजता, न ओळखता दिले तर पदवीधराच्या हातातही ते वाया जाते.

हे श्वास मोजणे प्रत्येक आईने शिकावे. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, तर एक रात्रही थांबू नका. बाळ अंगावर पीत नसेल, निपचित पडले असेल, शौचातून रक्त जात असेल, तरी तसेच. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यायलाच हवे. साध्या जुलाबाला मात्र ओआरएसचे पाणी आणि चौदा दिवस झिंकची गोळी हाच उपाय. पॉवरची गोळी नव्हे.

आपण काय करायचे?

आता मुद्द्याचे बोलू. श्रीमंताला एक औषध चालले नाही तर तो नागपूरला जातो, दुसरे महाग औषध घेतो, दहा दिवस अतिदक्षता विभागात राहतो. आपल्याकडे ही दुसरी पायरी नाही. स्वस्त औषध हीच आपली पहिली आणि शेवटची पायरी. ती तुटली तर पडणारे आपणच. २०१९ या एका वर्षात औषध न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून ही धार जपण्याची गरज सर्वांत जास्त कष्टकऱ्याला आहे.

डॉक्टरला “सुई मारा साहेब, सलाईन लावा, उद्या वावरात जायाचं हाये,” असा आग्रह धरू नका. आपल्या आग्रहापुढे डॉक्टरही वाकतो. उलट विचारा: “हा आजार जिवाणूचा आहे काय? ही गोळी कशासाठी? किती दिवस?” कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. ती दवाखान्यातही लागू पडते. गोळी किती दिवस घ्यायची हे आजारानुसार ठरते. कुठे तीन दिवस, कुठे सात, क्षयात सहा महिने. ते डॉक्टरने ठरवावे. आपण आपल्या मनाने ना कमी करावे, ना वाढवावे. अंगावर पुरळ आले, उलट्या झाल्या, तर गुपचूप सोडून न देता डॉक्टरला सांगावे.

गोळीच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे लक्षात ठेवा. २०१६ पासून सरकारने या लाल रेघेचा प्रचार चालवला आहे. १ मार्च २०१४ पासून काही ताकदवान ॲन्टिबायोटिक आणि क्षयाची औषधे ‘एच-१’ या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. चिठ्ठी मागणारा दुकानदार आपला शत्रू नव्हे. औषध घेतल्यावर बिल मागा. उरलेली गोळी डबीत जमवू नका, शेजारणीला देऊ नका. जुन्या चिठ्ठीवर नवा आजार काढू नका.

एक आजार वारंवार उलटत असेल, औषध लागू पडत नसेल, तर दवाखाना बदलत फिरू नका. ‘कल्चर’ची तपासणी होते काय ते विचारा. लघवी, रक्त किंवा पू यातला जंतू वाढवून त्याच्यावर कोणते औषध चालते ते त्यात कळते. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतो. आपल्या जिल्ह्यात यवतमाळला शासकीय महाविद्यालय आहे.

गोठ्यातही हाच नियम. जनावराला, कोंबड्यांना मनाने औषध देऊ नका. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या आधाराचे औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होते, ते जुलै २०१९ मध्ये सरकारने बंद केले. इंजेक्शन दिलेल्या गाई-म्हशीचे दूध पशुवैद्य सांगतील तितके दिवस वापरू नका, विकू नका.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आजारच होऊ न देणे. जो आजार झालाच नाही, त्याला गोळी लागत नाही. मुलांच्या लसी चुकवू नका. न्युमोनियाची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे. पाणी उकळा किंवा क्लोरीनचे औषध टाका. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तो माणुसकीचा हक्क होता. त्या हक्काने मिळालेले पाणी आपल्या घरी आणि वस्तीत स्वच्छ मिळावे, ही त्या लढ्याची पुढची पायरी आहे. ग्रामसभेत टाकीच्या सफाईचा, गटारीचा, आरोग्य केंद्रातील औषधसाठ्याचा प्रश्न विचारा. बायांनी तर आधी विचारावा.

आजाऱ्याची सेवा

भगवान बुद्धांच्या आयुष्यातला एक प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि संघाला बजावले, की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?

विनयपिटकातील महावग्गात याच प्रसंगाला जोडून रुग्ण कसा असावा तेही सांगितले आहे. हितकर तेच करणारा, त्यातही मात्रा जाणणारा, औषध घेणारा, दुखणे वाढले की कमी झाले हे शुश्रूषा करणाराला खरे सांगणारा आणि वेदना सोसणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच गोष्टी आजच्या कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. शुश्रूषा करणाऱ्यालाही लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे, काय हितकर आणि काय अहितकर हे कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस करू नये, आणि रुग्णाचे मन उभारावे.

म्हणून आमची सूचना अशी, की या वर्षावासात आपल्या विहारात हा भाग वाचला जाईल त्या संध्याकाळी वाचन झाल्यावर अर्धा तास थांबावे. गावातल्या आशाताईंना, आरोग्य सेविकेला बोलवावे. श्वास कसे मोजायचे ते त्यांच्याकडून शिकावे. लाल रेघेची पट्टी सर्वांना दाखवावी. आणि वस्तीत क्षयाचा उपचार घेणारा कुणी असेल, तर त्याच्या संमतीने एकाने त्याचा सोबती व्हावे. रोज संध्याकाळी एवढेच विचारावे, “दादा, आजची गोळी झाली काय?” त्याच्या आजाराची चर्चा चावडीवर करू नये, त्याचे ताट-तांब्या वेगळे काढू नये. वेगळे ताट, वेगळे पाणी म्हणजे काय असते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? तेच आपण आपल्या आजारी भावाला देणार काय?

सहा महिन्यांत शंभर ऐंशी दिवस होतात. शंभर ऐंशी वेळा विचारलेला हा प्रश्न एक माणूस उभा करतो आणि त्याच्या घरात, वस्तीत न मरणारा जंतू जन्माला येऊ देत नाही. याला पैसा लागत नाही. संघ लागतो, आणि तो आपल्यापाशी आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!